जिथं आवळासुपारी वाळत नाही

सोलर पॅनेल बसवायला आलेल्या मुलानं गच्चीवर खडूनं मोठा चौकोन आखला, तेव्हा आत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं. तो उठून हात झटकायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "बाळ, तिथं नको मांडूस. पौषात तिथं माझी आवळासुपारी वाळत नाही."

"आजी, कडक ऊन आहे की आत्ता."

"आत्ता आहे. पौषात टाकीची सावली अजून हातभर पुढं येते."

ही गोष्ट २०२४ च्या नोव्हेंबरमधली. आम्ही सांगलीला गावभागात राहतो. आमची पाण्याची टाकी गच्चीपासून दहा फूट उंच जाते. तो मुलगा भर दुपारी आला होता, तेव्हा टाकीची सावली उत्तरेला साधारण सात फुटांवर थांबत होती, म्हणून त्यानं चौकोन तिथूनच सुरू केला. रात्री लेकानं पुण्याहून फोनवर हिशेब करून सांगितलं की, सांगलीत डिसेंबरच्या २२ तारखेला भर दुपारीसुद्धा सूर्य ५० अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळं दहा फुटांची सावली साडेआठ फूट पडते. सकाळी दहाला तर आणखी लांब. आत्यांचा हातभर अगदी बरोबर निघाला. चाळीस वर्षं त्या गच्चीवर कुरडया, सांडगे, शेंगा, आवळे वाळत घालणाऱ्या बाईला कुठल्या महिन्यात ऊन कुठं असतं हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सावलीचं एवढं मनावर का घ्यायचं, तर सगळी पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. बागेच्या पाइपवर एका जागी पाय पडला की पुढचं सगळं पाणी मंदावतं, तसंच एका पॅनेलवर टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली पडली की अख्ख्या माळेची वीज घटू शकते. पॅनेलमध्ये डायोड नावाचे छोटे भाग असतात, ते विजेला दुसरी वाट देऊन थोडं सावरून घेतात, पण नुकसान होतंच. शेवटी आम्ही सगळा सांगाडा टाकीच्या दक्षिणेला नेला, दक्षिणेकडं तोंड करून. त्यासाठी डिशची तबकडी काढावी लागली, ती काढली.

५५० वॅटची सहा पॅनेल, म्हणजे ३.३ किलोवॅट. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं जास्तीत जास्त ७८,००० मिळतं. ते आमच्या खात्यावर जमा झालं. त्यासाठी पॅनेलमधले सेलही भारतात बनलेले लागतात, हे बिल करतानाच बघून घ्यावं. बॅटरीला मात्र या योजनेत अनुदान नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुधाच्या आकड्याखाली रोजचे युनिट लिहिते. दूध दीड, युनिट तेरा. वर्षभराची पानं चाळली तर दिसतं की सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चमधले, पंधरा-सोळा युनिटचे. मे महिन्यात ऊन जास्त असूनही आकडा चौदाच्या आसपासच. मला आधी वाटलं काहीतरी बिघडलं. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. काच तापून साठ-पासष्ट अंशांवर गेली की २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशामागं साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे बारा-चौदा टक्के तिथंच गेली. म्हणून पॅनेलच्या खालून वारा खेळायला हवा. आमचा सांगाडा आठ फूट उंच आहे, लोखंड जास्त लागलं, पण ते पैसे सत्कारणी लागले असं मी म्हणेन. आषाढ-श्रावणात चार-पाच युनिट. झड लागलेल्या एका दिवशी दोन.

जानेवारीत आकडा चौदावरून बारावर आला. आभाळ स्वच्छ होतं. वर जाऊन काचेवरून बोट फिरवलं तर काळं झालं. ऊस गाळपाच्या दिवसांत आमच्याकडं पाचट पेटवतात, त्याची काजळी उडत येते आणि वाळत घातलेल्या धुण्यावर बसते तशीच काचेवरही बसते. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदा. तेव्हापासून गाळपाचा हंगाम असेपर्यंत दर दहा दिवसांनी धुणं, एरवी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात नाही. धुवायचं ते सूर्य वर यायच्या आधी, लांब दांडीच्या मऊ स्पंजानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, पॅनेलवर पाय ठेवायचा नाही. बोअरचं पाणी नको, त्याचे पांढरे डाग बसतात आणि निघत नाहीत. शेजारच्या वहिनी आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून पॅनेलला वापरत होत्या. मशीनमध्ये जातं त्या पाण्याहून ते जास्त क्षारयुक्त असतं. त्यांना मी नळाचं पाणी घ्या म्हणून सांगितलं.

आता बॅटरीकडं येते, कारण सोलरबद्दल मला फोन करणारे निम्मे लोक तेच विचारतात.

पहिल्या वर्षी आमच्याकडं बॅटरी नव्हती, साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर होता, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून बाहेरच्या लाइटच्या जोडीनं चालणारं यंत्र. २०२५ च्या जूनअखेरीस, आषाढी एकादशी तोंडावर असताना, मी चार घरांची उपवासाची भाजणी घरघंटीवर दळत होते. रात्री वारं सुटलं होतं, कुठंतरी तारेवर फांदी पडली असणार. सकाळी लख्ख ऊन आणि साडेअकराला लाइट गेली. घरघंटी बंद, फ्रिज बंद, पंखे बंद. डोक्यावर सहा पॅनेल तळपतायत आणि घरात आत्या पदरानं वारा घेतायत. मला रडू यायचं बाकी होतं. हे असंच असतं असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरची लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि व्हायलाच पाहिजे. नाहीतर आपल्या घरातली वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. कारण कळल्यावर माझा राग गेला, पण भाजणी अर्धीच राहिली.

श्रावणात आम्ही बॅटरीही जोडता येते असा हायब्रिड इन्व्हर्टर आणि पाच युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. पहिला इन्व्हर्टर निम्म्या किमतीत द्यावा लागला. म्हणून माझं सांगणं आहे की, बॅटरी आज घ्यायची नसली तरी इन्व्हर्टर पहिल्यांदाच हायब्रिड घ्या. जुन्या पाण्याच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात, पण १५० एएचच्या एका बॅटरीत पावणेदोन युनिट मावतात आणि तिला टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. लिथियमची ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि डिस्टिल्ड वॉटर घालत बसावं लागत नाही.

ती बसवायची कुठं, यावरून घरात बराच वेळ बोलणं झालं. बसवणाऱ्यांना खाली मीटरशेजारी हवी होती, वायर कमी लागते म्हणून. यावेळी मी बोलले. त्याच भिंतीवर २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची खूण आहे, माझ्या खांद्याच्या वर. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं हे विचारल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी झोपत नाही. तिथं लाखाच्या वरची वस्तू कशी ठेवायची? गच्चीवरची पत्र्याची खोली मोकळी होती, पण मे महिन्यात तिथं हात लावेल ते पोळतं आणि उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य कमी होतं. शेवटी पहिल्या मजल्यावर, उत्तरेच्या बोळकंडीत, ऊन न येणाऱ्या भिंतीवर ती लावली. इन्व्हर्टरही तिथंच. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं, घरातला मेन स्विच बंद केला तरी पॅनेलकडून येणाऱ्या तारेत ऊन असेपर्यंत वीज असते. घर सोडायची वेळ आली तर पॅनेलचा वेगळा स्विच आधी पाडायचा. तो कुठं आहे हे आत्यांपासून सगळ्यांना माहीत आहे.

पहिले दोन महिने आम्ही हौसेनं रोज रात्री सगळं घर बॅटरीवर चालवलं. मग लेकानं बिल आणि माझं कॅलेंडर समोर ठेवून विचारलं, "आई, यातून नक्की काय वाचतंय?" नेट मीटरिंगमध्ये दुपारी बाहेर दिलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटाशी वळतं होतं. तेच युनिट बॅटरीत घालून काढलं तर दहातलं एक वाटेतच जातं. म्हणजे एका युनिटाला एक युनिट मिळत असेल तोवर बिलासाठी बॅटरी नको, ती लाइट जाईल तेव्हासाठी. हे दुकानात कुणी सांगत नाही. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्यांचा दर आपण देतो त्याच्या मानानं फारच कमी असतो. तेव्हा गरजेहून मोठी सिस्टिम घेण्यातही अर्थ नाही. आमचा महिन्याचा वापर साडेतीनशेच्या आसपास, म्हणून तीन किलोवॅट पुरलं. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

आता जून ते ऑक्टोबर आम्ही बॅटरी साठ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. बाकीच्या महिन्यांत तीस टक्के राखीव. उन्हाळ्यात ती दिवसचे दिवस पूर्ण भरून नुसती ठेवणंही तिला मानवत नाही, म्हणून संध्याकाळी थोडी वापरतो.

बॅटरीवर काय ठेवायचं हे आम्ही वायरमनदादांबरोबर बसून ठरवलं. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय आणि आत्यांच्या दम्याचं नेब्युलायझर. गिझर आणि पाण्याची मोटार बाहेरच्या लाइटवर. घरघंटीला वेगळा स्विच करून घेतला. तिची मोटार सुरू होताना कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळं लाइट गेलेली असताना ती फक्त ऊन असेल तेव्हा आणि दुसरं जड काही चालू नसताना लावते. भाजणी आता अर्धी राहत नाही.

दुसरी बॅटरी घ्यायचा विचार मध्ये आला होता. त्याऐवजी तीन खोल्यांतले पंखे बदलले. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटारचा, २८ चा. तीन पंखे आठ तास चालले तर आधी १.८ युनिट लागायचे, आता पाऊण युनिटही लागत नाही. एका रात्रीला सगळं मिळून दीड युनिट पुरतं, म्हणजे भरलेली बॅटरी दोन रात्री सहज काढते. हे काम बॅटरीच्या आधी करायला हवं होतं.

परवा उन्हाळी कामं सुरू झाली. पॅनेलनं गच्चीचं ऊन खाल्लं म्हणून आत्या रुसतील अशी मला भीती होती. कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्यांसाठी त्यांनी टाकीच्या उत्तरेची ती खडूनं आखलेली जागा घेतली, फाल्गुनात तिथं सावली येत नाही. आणि उडदाचे पापड, जे कडक उन्हात तडकतात आणि सावलीतच वाळवावे लागतात, ते पॅनेलखाली जुन्या धोतरावर मांडले. दुपारी बारा वाजता मी वर गेले तर त्या तिथंच चटई टाकून बसल्या होत्या, पापड उलटत.

"कितीचे झाले आज?" त्यांनी विचारलं. मला वाटलं पापडांबद्दल विचारतायत. त्या वर पॅनेलकडं बघत होत्या.

"आठ झालेत, आत्या. संध्याकाळपर्यंत पंधरा होतील."

"दुधाखाली लिही," म्हणाल्या.