टेक ऑफ म्हणजे नक्की काय काय?

इंग्रजीत सगळ्यात अवघड काय असं कुणी विचारलं तर मी स्पेलिंग म्हणणार नाही, ग्रामर पण नाही, मी सरळ फ्रेजल व्हर्ब म्हणेन. टेक, पुट, गेट, गो, सेट ही पहिलीतल्या पोराला पण येणारी क्रियापदं, पण त्यांच्यामागे अप, ऑफ, आउट, इन असला एक चिमुकला शब्द लागला की अर्थ कुठल्या कुठे जातो. मोठमोठे शब्द पाठ करता येतात हो, हे छोटेच घाम काढतात.

माझी भाची सध्या बाहेर शिकायला जायचं म्हणून इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय, तर तिच्या क्लासच्या नोट्स मी चाळत होते. त्यात लिहिलंय, टेक ऑफ बरोबर रिमूव्ह, डिपार्ट, डिडक्ट, इमिटेट, सक्सीड. बास, पाच शब्द, मध्ये स्वल्पविराम, पुढचं क्रियापद चालू. आणि त्यावरून तिने वाक्य केलं होतं, 'द ट्रेन टुक ऑफ फ्रॉम दादर ॲट सेव्हन'. मी म्हटलं ट्रेन टेक ऑफ करत नाही गं, तर म्हणाली, "मावशी, पण डिपार्ट म्हणजे सुटणंच ना? मग चुकलं कुठे?" तिचं काहीच चुकलं नव्हतं, नोट्समध्ये जे दिलं तेच तिने वापरलं. मला राग येतो तो ह्या समानार्थी शब्दांच्या यादीचा. यादी बघून वाटतं की हे पाचही शब्द टेक ऑफच्या जागी उचलून ठेवता येतील, आणि तसं अजिबात नसतं.

विमान टेक ऑफ करतं कारण ते जमीन सोडतं. हा अर्थ विमानापेक्षा जुना आहे बरं का, आधी तो उडीसाठी होता, घोडा किंवा माणूस उडी मारताना जिथून जमीन सोडतो ते टेक ऑफ. लांब उडीत अजूनही त्या 20 सेंटिमीटर रुंदीच्या पांढऱ्या फळीला टेक ऑफ बोर्डच म्हणतात. विमानं आल्यावर तोच शब्द त्यांना लागला. आता ट्रेन काही रूळ सोडत नाही (सोडला तर बातमी होते), म्हणून तिला लीव्ह किंवा डिपार्ट. पण माणूस मात्र टेक ऑफ करू शकतो! 'ही जस्ट टुक ऑफ' म्हणजे तो न सांगता, घाईघाईत निघून गेला, सटकला. इथे डिपार्ट घातलं तर एकदम सरकारी वाटेल, त्यातली ती घाई निघूनच जाईल.

हे तिला समजावताना मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि म्हटलं आपलं 'काढणे' घे. चप्पल काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, तिकीट काढतो, रांगोळी काढतो, झोप काढतो, दिवस काढतो, कुणाची खोडी काढतो, मग त्याचीच समजूत काढतो, नको तो विषय काढतो, आणि अंगाशी आलं की पळ काढतो. ह्यातलं एक तरी आपण यादी करून शिकलो का? मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'काढणे म्हणजे रिमूव्ह' एवढंच सांगितलं तर रांगोळी काढ म्हटल्यावर तो बिचारा दारातली रांगोळी पुसून टाकेल. आपल्याला चुकत नाही कारण आपण 'काढणे' एकटं ऐकतच नाही, काय काढलं ते कायम सोबत असतं. टेक ऑफचं पण तेच. कुणी टेक ऑफ केलं आणि काय टेक ऑफ केलं हे दोन प्रश्न विचारले की अर्थ बहुतेक वेळा आपोआप सापडतो.

म्हणजे बघा, बूट, कोट, चष्मा असेल तर अंगावरून काढणे. किमतीतून दहा टक्के असतील तर कमी करणे. मेन्यूवरचा पदार्थ असेल तर तो आता मिळत नाही. एखादी बस टेकन ऑफ झाली तर ती फेरी बंद केली. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी ऐकणाऱ्यांना 'ही हॅज बीन टेकन ऑफ' माहीत असेल, म्हणजे कॅप्टनने त्याची बॉलिंग थांबवून दुसऱ्याच्या हातात बॉल दिला, आणि आपण पण तेव्हा काय म्हणतो, त्याला बॉलिंगवरून काढला. एखादा धंदा, गाणं, ॲप टेक ऑफ झालं की ते चालायला लागलं, जोरात. हे सक्सीडपेक्षा वेगळं आहे, कारण सक्सीड हळूहळू पण होता येतं, टेक ऑफमध्ये आधीचा रखडलेला काळ आणि मग एकदम घेतलेली उसळी दोन्ही आलं. अर्थशास्त्र शिकलेल्यांना अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रोस्टो आठवत असतील. त्यांनी देशाच्या विकासाच्या पाच अवस्था मांडल्या, 1960 साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात तिसरी अवस्था म्हणजेच टेक ऑफ, आणि भारताच्या टेक ऑफची सुरुवात त्यांनी अंदाजाने 1952 धरली होती. एवढा गंभीर सिद्धांत, पण नाव ह्या साध्या बोलीतल्या क्रियापदाचंच.

नक्कल करणे हा अर्थ मला सगळ्यात आवडतो. 'शी कॅन टेक हिम ऑफ' म्हणजे ती त्याची हुबेहूब नक्कल करते. हे मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीत चालतं आणि आता जरा जुनं वाटतं, पण सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेत टेक ऑफचा हाच अर्थ दिलाय. क्रियापदाला शेपूट जोडून अर्थ बदलायची ही इंग्रजीची सवय परक्यांना सगळ्यात जड जाते असं तो तिथे स्पष्ट लिहितो, आणि यातले काही अर्थ मूळ शब्दांपासून इतके लांब गेलेत की कितीही हुशार माणसाला त्यांचा माग लागायचा नाही असंही म्हणतो. पावणेतीनशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रज डिक्शनरीकार हे कबूल करतोय, हे मी भाचीला वाचून दाखवलं आणि तिचा चेहरा खरंच खुलला. फ्रेजल व्हर्ब हे नाव तेव्हा नव्हतंच, ते छापून रूढ झालं 1925च्या सुमाराला. अर्थ मागे पण पडतात, शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये राजाच्या खुनाला 'टेकिंग ऑफ' म्हटलंय, आज तिथे टेक आउट म्हणतील.

यादीतले शब्द वेगळ्या घरातले का वाटतात त्याचं कारण पण आहे. टेक आला नॉर्स भाषेतून, व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले त्यांच्याबरोबर, आणि ऑफ जुन्या इंग्रजीतलाच. रिमूव्ह, डिपार्ट, डिडक्ट, इमिटेट हे सगळे लॅटिनमधून, काही थेट तर काही फ्रेंचमार्गे आलेले, म्हणजे दरबार, चर्च, पुस्तकं यांचे शब्द. आपल्याकडे निघणे आणि प्रस्थान करणे यात जो फरक तोच. पाहुणे प्रस्थान करत नाहीत, निघतात. म्हणून ऑफिसच्या पत्रात डिडक्ट बरोबर, पण दुकानात भाव करताना 'कॅन यू डिडक्ट फिफ्टी रुपीज' म्हटलं तर इन्कम टॅक्सवाले बोलल्यासारखं वाटतं, तिथे टेक ऑफच हवं.

आपल्याकडे सुट्टीचा पण एक घोळ आहे. उद्या ऑफ घेतलाय, वीकली ऑफ आहे, हे आता मराठीच झालंय आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण इंग्रजीत बोलताना 'आय विल टेक ॲन ऑफ' हे आपल्या इकडचं, लंडनच्या माणसाला ते खटकेल, तो 'टेक द डे ऑफ' म्हणेल, म्हणजे दिवस मध्ये बसतो आणि ऑफ शेवटी जातो. ही मध्ये बसायची गोष्ट नोट्समध्ये कुठेच नव्हती आणि मला तर ती अर्थांइतकीच महत्त्वाची वाटते. टेक ऑफ युअर शूज चालतं, टेक युअर शूज ऑफ पण चालतं, पण शूजच्या जागी देम आलं की फक्त टेक देम ऑफ, 'टेक ऑफ देम' नाही. नक्कल करताना पण टेक हिम ऑफ. आणि विमान उडतं तेव्हा मध्ये घालायला काही नसतंच, सटकणाऱ्या माणसाचं पण तसंच.

तर भाचीच्या वहीतली ती ओळ आम्ही खोडली. आता टेक ऑफखाली बूट, विमान, बॉलर, मेन्यू, नवीन ॲप, उद्याची सुट्टी अशा शब्दांची आख्खी वाक्यं आहेत, शेजारी मराठी. बॉलर आणि बूट दोन्हीसमोर 'काढला' आलंय, विमानासमोर 'उडालं', आणि सटकलेल्या माणसासमोर तिने स्वतःच लिहिलंय 'पळ काढला'. पुढच्या पानावर पुट अप घेतलंय, त्यात पाहुण्याला घरी ठेवून घेणं, भिंतीवर फोटो लावणं आणि भाव वाढवणं एवढं झालंय, सहन करण्यापाशी अडलोय कारण तिथे मागे अजून एक विथ लागतो.