गंगाजळीचा धाक

अमेरिकेत निवडणुकीचे वारे वाहू लागले की बातम्यांत ‘वॉर चेस्ट’ हा शब्द पदोपदी भेटतो. पूर्वी लढाईसाठी राखून ठेवलेल्या खजिन्याला हे नाव होतं. आता उमेदवाराने प्रचारासाठी साठवलेल्या पैशाला आहे. आपण गंगाजळी म्हणतो, तेच. मात्र इथली गंगाजळी खर्च होण्याआधीच कामाला लागते.

आमच्या मतदारसंघात यंदा विरोधात कोण, असं मी शेजारच्या बाईंना विचारलं. “एवढी वॉर चेस्ट असलेल्या माणसासमोर कोण उभं राहणार?” त्या सहज म्हणाल्या. मतदान तेव्हा बरंच लांब होतं!

गंगाजळीचा हा आकडा गुपित नसतो. संसदेच्या उमेदवारांना ठरावीक मुदतीत फेडरल इलेक्शन कमिशनला हिशेब द्यावा लागतो आणि तो कुणालाही घरबसल्या बघता येतो. एकूण 200 डॉलरहून जास्त देणाऱ्याचं नाव, पेशा, कुठे नोकरी करतो, तारीख, रक्कम, सगळं त्यात असतं. हातात शिल्लक किती, हेही असतं, आणि विरोधक आधी तेच बघतात. आपल्याकडे निवडणूक रोख्यांमुळे देणगीदारांची नावं झाकलेली राहिली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती योजना रद्द करावी लागली. त्यामुळे इथल्या या उघड्या हिशेबाचं मला फार मोल वाटतं.

2025-26 साठी एका माणसाला एका उमेदवाराला दर निवडणुकीमागे 3,500 डॉलरच देता येतात. उमेदवाराने पदरचे किती ओतावेत याला मात्र 1976 च्या न्यायालयीन निकालामुळे मर्यादा नाही. बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदारांनी 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे लाखो डॉलर घातले, तरी पक्षांतर्गत लढतीत ते तिसरे आले. 2022 मध्ये ते डेट्रॉइट भागातून संसदेत गेले. म्हणजे नुसत्या पैशाने जागा मिळतेच असं नाही.

निवडणुकीनंतर उरलेला पैसा घरखर्चाला वापरता येत नाही. धर्मादाय संस्थेला किंवा पक्षाला द्यायचा, नाहीतर पुढच्या वेळेसाठी ठेवायचा. सुरक्षित जागेवरचे बरेच जण ठेवतातच. संसदेतल्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी येते, शिल्लक साचत जाते आणि नव्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. मला खटकतं ते हेच.