तुम्ही विचारलंत म्हणून: गेमप्लेच्या व्हिडिओत मी आधी पाणी का बघतो

दुकानात येणारी पोरं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मित्र आणि आता भाचासुद्धा, नवीन गेमचा गेमप्ले, म्हणजे गेम खेळून दाखवणारा व्हिडिओ, पडला की सगळ्यांचं एकच, "दादा बघितलास का, कसा वाटला?" आणि मी बंदुका, मॅप, ग्राफिक्स सगळं सोडून "त्यातलं पाणी बघितलंस का?" असं उलट विचारतो म्हणून हसतात. जग बुडाल्यानंतरचा वगैरे गेम असला की मग तर विचारूच नका. एकदा लिहून टाकतो, प्रत्येकाला परत परत सांगायला नको.

२०१९ चा ऑगस्ट. आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. बाहेरच्यांसाठी सांगतो, तिथं ४० ला इशारा आणि ४५ ला धोका असतो. २००५ चा पूर आमच्या घरात मापासारखा वापरला जायचा, "पाच सालाला पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काय येत नाही" म्हणून पप्पांनी दुकानातला माल दोन फळ्या वर सरकवला आणि निवांत बसले. हरभट रोडच्या मागं आमचं स्टेशनरीचं दुकान. पाणी चौथ्या फळीच्या वर गेलं.

आम्ही विश्रामबागला मावशीकडं होतो. पाणी उतरल्यावर शटर उघडायला गेलो तर शटर वर जाईना, पट्टीत गाळ बसून वाळलेला. आत गेल्यावर जे बघितलं ते मी अजून कुठल्या गेममध्ये बघितलेलं नाही. पडझड काहीच नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, फक्त फुगलेलं. रजिस्टरं आणि फुलस्केप वह्या पाणी पिऊन अशा फुगल्या होत्या की रॅकमध्ये गच्च आवळून बसल्या, लोखंडी रॅकचे कोपरे बाहेर वाकले, एक वही ओढून निघेना. शेवटी पहारेनं उचकटून काढल्या आणि हातात आलं ती वही नव्हतीच, वीट होती. माझा पीसी मी हुशारीनं टेबलावर ठेवून गेलो होतो, त्याच्या एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्यात पिठासारखा बारीक गाळ भरलेला.

पाणी उतरून दहा-बारा दिवस झाले असतील, पंचनाम्याला कुणी येईल म्हणून ओला माल फेकायचा पण नव्हता आणि वासानं बसवत पण नव्हतं. अशात २६ ऑगस्टला डाईंग लाईट २ या झोंबींच्या गेमचा २६ मिनिटांचा गेमप्ले आला. पहिला भाग मी रात्र रात्र जागून खेळलेला, त्यामुळं दुकानाच्या पायरीवर बसून फोनवर लावला. हिरो छतांवरून पळतोय, शहरात पाण्यावरून मारामारी, पाणी एका टोळीच्या ताब्यात, सगळं भारी चाललेलं. आणि शेवटाकडं तो पंप चालू करतो, साचलेलं पाणी बघता बघता उतरतं आणि बुडालेला शहराचा आख्खा भाग वर येतो, आत नवीन राक्षस वगैरे. कमेंटमध्ये लोक वेडे झाले होते. मी गप्प.

पप्पा मागून खांद्यावरून बघत होते. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, "किती एचपीचा रे तो पंप?"

आमच्या बोळातल्या एका तळघरातलं पाणी उपसायला पाच एचपीचा डिझेल पंप दोन दिवस धडधडत होता, त्यात मधेच पाईपात प्लास्टिक अडकून बंद पडायचा, त्यामुळं त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. मी हसायला लागलो आणि हसता हसता जरा रडायलाच आलं, असो.

नंतर मी अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडी खुडबुड करून बघितली तेव्हा कळलं हे असं का होतं. बहुतेक गेममध्ये पाणी म्हणजे वरून अंथरलेली एक सपाट चादर असते. खालचं शहर आधीच बांधून ठेवलेलं, चादर खाली ओढली की पाणी उतरलं. भिंत ओली दाखवायची तर रंग जरा गडद करायचा आणि चमक वाढवायची, झालं काम. पण गाळ तसा होत नाही, तो प्रत्येक वस्तूवर वेगळा बसतो, कपाटाच्या वर जाड, बाजूला पातळ, चार दिवसांनी वाळून तडकतो, आणि भिंतीवर रेघ राहते. एक रेघ पण नाही, पाणी जिथं जिथं थांबत उतरलं तिथं तिथं फिकट फिकट रेघा. ते सगळं हातानं करावं लागतं आणि तेवढा वेळ कोण घालवणार.

आणि दुसरं म्हणजे गेममध्ये जग एका झटक्यात संपतं. आमच्याकडं फुटाफुटानं संपत होतं. सकाळी उठलं की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" अमुक फुटाला सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मग पुढं कुणाचं घर कितव्या फुटाला जातं हे गल्लीतल्या म्हाताऱ्यांना पाठ. पाणी समोरून लाटेसारखं येतच नाही, आधी गटारातून उलटं बुडबुडत वर येतं. पोरं रस्त्यावर पाण्याच्या काठाला वीट ठेवायची आणि तासाभरानं बघायची, वीट बुडाली का. एवढी भीती मला कुठल्या झोंबीनं घातलेली नाही बाबा.

गेमला नावं ठेवत नाहीये हां. तो २०२० ला येणार होता, लांबत लांबत ४ फेब्रुवारी २०२२ ला आला, मी पीसीत सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाकून खेळलो, छतांवरून पळायची मजा खरीच आहे. पण फुटेज बघून गेम असाच निघेल असं समजू नका, ती एखादा तुकडा घासूनपुसून दाखवलेली वानगी असते, गोणी वेगळी. आणि एक गंमत, गेम बनवणारी टेकलँड कंपनी पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरातली. आमच्याकडं पोलंड म्हटलं की जुनी माणसं वळिवडे म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरशेजारी तिथं साधारण पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. तर ते व्रोत्सवाफ स्वतः जुलै १९९७ मध्ये ओडर नदीच्या पुरात बुडालं होतं, मोठा भाग पाण्याखाली. हे वाचल्यावर मी तो व्हिडिओ परत लावला, भिंतीवर रेघ आहे का बघत थांबत थांबत बघितला. तेव्हापासून ही सवयच लागली.

आता दुकानाचं अर्धं स्टेशनरी, अर्धं माझं रिपेअरिंग. परवा एक पोरगा कुठल्यातरी येणाऱ्या गेमचा व्हिडिओ दाखवायला आला, पडकी शहरं, वेली चढलेल्या गाड्या, चकाचक. बघता बघता म्हणाला, "दादा, माझ्या पीसीचं कॅबिनेट एवढं वरच्या फळीवर का ठेवलंय, हात पण पोचंना." मी म्हटलं, आयर्विनला ३२ झालंय.