कोकणातलं घर आणि २०० मीटरची रेघ

नागपूरच्या माणसाला उन्हाचं घर हवं म्हटलं की इथे लोक हसतात. खसच्या ताट्या आणि कुलर लावून ऊन बाहेर ठेवण्यात आपला अर्धा उन्हाळा जातो. पण गुहागरकडे पावसाळ्याचे चार महिने भिंतींना बुरशी धरते, गाद्या ओलसर राहतात. तिथे ऊन आत हवंच. कुटुंबासाठी त्या घराचा आराखडा मीच केला. तो फार अडला नाही. अडला तो सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या किनारी नियमन क्षेत्राचा नकाशा, आणि ज्या कार्यालयात अडला तिथला वैताग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच.

२०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर वस्ती दाट असेल (२०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त) तर ना-विकास पट्टा (जिथे नवं घर बांधता येत नाही तो) ५० मीटरचा, नाहीतर भरतीरेषेपासून २०० मीटरचा. आमच्याकडे २००. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत घर बसतं ते गावठाणासारख्या पारंपरिक वस्तीच्या चौकटीत, तळमजला अधिक एक आणि ९ मीटरच्या आत. जागा गावठाणातली आहे हे सांगणारा उतारा म्हणूनच अर्जाच्या सगळ्यात वर लावा.

आमचा प्लॉट पूर्व-पश्चिम लांब आणि अरुंद. २०० मीटरची रेघ त्यातून तिरपी जाते. टेबलावरच्या बाबूंनी १:२५,००० चा नकाशा उलगडला, पेन्सिल टेकवली आणि "सगळाच पट्ट्यात आहे" म्हणून फाइल बंद केली. त्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर साडेबारा मीटर रुंद होते. साडेबारा मीटर म्हणजे आमचं अख्खं घर! १:४,००० च्या नकाशावर तीच रेघ २ मीटरची. अर्ज लेखी द्या आणि त्यात "गावनिहाय १:४,००० च्या नकाशावर प्लॉट दाखवून मिळावा" असं स्पष्ट लिहा. तोंडी सांगितलेलं त्या खोलीतून बाहेर पडत नाही.

तो नकाशा निघाला तरी पुढची गाठ होतीच. सीआरझेडच्या नकाशाला अक्षांश-रेखांश असतात. आमच्या मोजणीच्या क प्रतीवर नव्हते. तिथे फक्त हद्दी, लांब्या आणि शेजाऱ्यांची नावं. दोन नकाशे एकमेकांवर बसवायचे कशाच्या आधारावर? कार्यालयाचं उत्तर एकच, "अधिकृत संस्थेचा (सीआरझेडचे नकाशे करायला मान्यता असलेल्या संस्थेचा) नकाशा आणा." संस्था म्हणते आधी हद्दीचे बिंदू द्या. भूमी अभिलेखवाले म्हणतात मोजणी झालेली आहे, आता काय हवं? फाइल या तिघांत फिरत राहिली आणि दर वेळी नवीन शेरा घेऊन परतली.

सुटलं ते असं. हद्दीचे दगड जागेवर शोधून, साफ करून त्यांना रंग दिला. त्या प्रत्येक दगडाचे अक्षांश-रेखांश डीजीपीएसने (उपग्रहांवरून जागा अचूक सांगणाऱ्या यंत्राने) घेतले, शिवाय जवळच्या मंदिराचा कोपरा आणि रस्त्याच्या मोरीचे दोन बिंदू, कारण ते दोन्ही नकाशांत ओळखू येतात. मग अधिकृत संस्थेने प्लॉट नकाशावर बसवला. मोजणीचा अर्ज अजून करायचा असेल तर रोव्हरने (तशाच उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राने) मोजणी आणि कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश तेव्हाच मागा. ही सगळी फरपट वाचते. आणखी एक: अंतर भरतीरेषेला काटकोनात, आडव्या पातळीत धरायचं, समुद्राकडे जाणाऱ्या पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) टेप टाकून नाही. भरतीरेषाही ओल्या वाळूवरून ठरत नाही, ती नकाशातली.

शेवटी मागचा भाग बांधायला मोकळा ठरला, समुद्राकडचा पुढचा भाग माडांना राहिला. सही झालेला कागद हातात आला त्या दिवशी त्या इमारतीसमोरचा चहासुद्धा गोड लागला.

आता ऊन. पश्चिमेला समुद्र आहे म्हणून तिकडे काचेची भिंत करू नका. पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो आणि मावळतीचं ऊन कितीही खोल पडवीखालून आत शिरतं; तिथे उभ्या लाकडी पट्ट्या किंवा माडाच्या झावळ्यांचे झापच कामाचे. खरं ऊन दक्षिणेचं. गुहागरच्या अक्षांशावर, साडेसतराच्या आसपास, २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो. खिडकीच्या माथ्याला लागून ६० सेंमीचा छज्जा तेव्हा ७० सेंमी सावली टाकतो. दीड मीटर उंच खिडकीत खालचे ८० सेंमी ऊन येतं. मार्चच्या २१ तारखेला तोच छज्जा पूर्ण खिडकी झाकतो. जूनमध्ये दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला कलतो, म्हणून उत्तरेलाही छोटा छज्जा हवाच.

घर उत्तरेच्या हद्दीकडे सरकवलं, दक्षिणेला ३ मीटरचा चौक ठेवला. शेजारच्या घराची वळचण साडेतीन मीटर उंच आणि हद्दीपासून दीड मीटर आत. डिसेंबरातली तिची सावली चौकाच्या निम्म्यावर थांबते, खिडकीपर्यंत पोचत नाही. शेजारी मजला चढवणार असेल तर हे गणित आधीच करा.

आडोशासाठी जोतं ६० सेंमी उचललं. आतून १.२ मीटरवर असलेली खिडकीची तळकड पाखाडीवरून १.८ मीटरवर येते. रस्त्याने जाणाऱ्याला घरातलं माणूस दिसत नाही, आतल्याला आभाळ दिसतं. चौकाकडच्या खिडक्या मात्र खाली जमिनीपर्यंत.

काँक्रीटचं सांगायचं राहिलं. नागपुरात स्लॅबला २० मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) देणारा मिस्त्री तिथेही तेच देतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावर एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, थेट तुषार उडत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. कव्हर ब्लॉक स्वतः मोजून घ्या. विहिरीच्या पाण्याचं क्लोराइड तपासा, आरसीसीला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बिजागऱ्या आणि कड्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या. ३०४ वर खाऱ्या हवेत डाग पडतात. आणि हे सगळं ऑक्टोबर ते मे मध्येच बसवायचं, त्यामुळे मंजुरीचे कागद सप्टेंबरपर्यंत हातात नसतील तर मजुरांना शब्द देऊ नका.