ठिपका की डाग? : मेन्सुरल वही, महिना चौथा

मेन्सुरल म्हणजे जुनी युरोपीय स्वरलिपी. तीत ब्रेव्हिस हा मोठा स्वर, सेमिब्रेव्हिस त्याहून छोटा, आणि सुरुवातीचं वर्तुळ हे कालचिन्ह. मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं : पूर्ण वर्तुळ म्हणजे ब्रेव्हिसचे तीन सेमिब्रेव्हिस, अर्धं वर्तुळ म्हणजे दोन, एवढं कळलं की झालं. शब्द मागे घेतो.

१५व्या शतकातली तीन आवाजांची एक शांसाँ (फ्रेंच गाणं) हस्तलिखिताच्या स्कॅनवरून उतरवत होतो. पूर्ण वर्तुळातली. टेनर (खालचा एक आवाज) संपला तरी वरच्या आवाजाचा एक सेमिब्रेव्हिस शिल्लकच! या लिपीत मात्रांच्या उभ्या रेघा नाहीत, आवाजही एकाखाली एक लिहिलेले नसतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते दिसतच नाही. दोन रविवार गेले. शेवटी चौकटीच्या वहीत, एका चौकटीला एक सेमिब्रेव्हिस असं मांडलं.

पहिला चोर ओळखीचा निघाला. दोन ब्रेव्हिसच्या मध्ये दोनच सेमिब्रेव्हिस आले, तर दुसरा दुप्पट धरायचा : ३, १, २, ३. मी १-१ धरले होते. सुधारलं, तर फरक एकाचा दोन झाला! म्हणजे आणखी एक चूक होती आणि दोघी एकमेकींना झाकत होत्या.

पुढच्या ओळीत हेच चार स्वर, पण दोन सेमिब्रेव्हिसच्या मध्ये बारीक ठिपका. स्कॅनवरची घाण समजून मी तो सोडला होता. तो म्हणतो, इथे तोडा. मग हिशेब २-१, १-२. मी आठ मोजत होतो ते निघाले सहा. आकार तेच, किंमत शेजाऱ्यांवर. आता ब्रेव्हिस दिसला की आधी पुढे काय आहे ते बघतो, मगच तोंड उघडतो.

काळ्या भरलेल्या स्वरांनी मात्र छळलं नाही. दोन ब्रेव्हिसच्या जागेत तीन काळे, म्हणजे ३-३ चे २-२-२. दादऱ्याच्या सहा मात्रांवर हे वजन बदलून म्हणून बघा, लगेच बसतं.

लिगेचरमध्ये (जोडून लिहिलेल्या स्वरांत) अजून एवढंच पक्कं आहे : डावीकडे वर जाणारी दांडी असली की पहिले दोन्ही सेमिब्रेव्हिस. बाकी तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवलाय.

पुढचं लक्ष्य १५व्या शतकातला संगीतकार ओकेगेम याच्या 'मिसा प्रोलातिओनुम' या ख्रिस्ती उपासनेच्या रचनेतला पहिला किरिए (सुरुवातीचा भाग). लिहिलेले आवाज दोन, गायचे चार, आणि प्रत्येकाचं कालचिन्ह वेगळं. टाळी द्यायला धाकटी बहीण तयार झालीये. ती तबला शिकते. चार चिन्हांचं तिला अजून सांगितलेलं नाही.