कन्व्हर्टर उष्णतेनं गेला की ऑइलनं?

पीयूसीत गाडी नापास झाली की सोलापुरात निदान ठरलेलं: "कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा डबा) जळाला." मे महिन्यातल्या 42-43 अंशांच्या उन्हाचं त्याला काही वाटत नाही, तो सहाशे-आठशे अंशांवरच राबत असतो. प्लग मिसिंग करत असला तर न जळलेलं पेट्रोल आत पेटतं, तापमान 1000 च्या वर जातं आणि धूर शुद्ध करणाऱ्या पॅलेडियम-रोडियम धातूंचे बारीक कण एकमेकांत मिसळून जाडे होतात. ही उष्णतेची इजा. इंजिन ऑइल खात असलं तर त्यातलं फॉस्फरस आणि झिंक तोंडाशी साचतं. दोन्हीकडे गाडी पीयूसीत सारखीच नापास होते, म्हणून आतल्या पदार्थाचा वर्णपटच (कोणत्या ऊर्जेला कोणती रेषा येते तो आलेख) पाहायला हवा.

डबा कापण्याआधी धूर शिरण्याच्या बाजूला खूण करा. आतल्या पोळ्याचे (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचे) तुकडे कोरडेच कापा. पाणी वापरलं तर त्यात विरघळणारी सल्फेटं निघून जातात. पोळ्याभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या चटईचे तंतू फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून मास्क लावाच. तोंडाचा पहिला सेंटिमीटर, मध्य आणि शेवट असे तीन नमुने घ्या.

फॉस्फरस शोधताना बहुतेक जण इथंच फसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या साध्या क्ष-किरण डिटेक्टरवर फॉस्फरसची रेषा 2.01 केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) येते, झिर्कोनियमची 2.04 ला आणि प्लॅटिनमची 2.05 ला. तिघांचा एकच ढीग दिसतो. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा मोजण्याच्या पद्धतीत) मात्र 133-134 ईव्हीला (इलेक्ट्रॉनव्होल्ट) फॉस्फेट स्वच्छ दिसतं. तिथंही सिरियम (थरात ऑक्सिजन साठवणारा घटक) आधी मोजा, कारण क्ष-किरणांखाली ते हळूहळू क्षपण पावतं, म्हणजे चतुःसंयुजीचं त्रिसंयुजी होतं. 916.7 ईव्हीचं शिखर चतुःसंयुजी सिरियमचं. नमुना हवेत 500 अंशांना तापवूनही ते शिखर परतलं नाही तर सिरियम फॉस्फेटमध्ये अडकलंय असं समजा. प्लॅटिनमची नेहमीची 71 ईव्हीची जोडी अ‍ॅल्युमिनियमखाली बुडते, म्हणून 314 ची रेषा पाहा.

उष्णतेची इजा ओळखायला रामन (लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजण्याची पद्धत) सोपं. 633 नॅनोमीटरच्या लेझरवर 1370 आणि 1400 प्रति सेंटिमीटरला दोन धारदार शिखरं आली तर ती रामनची नव्हेत. अल्फा-अ‍ॅल्युमिनातल्या किंचित क्रोमियमची चमक आहे ती. धातूचे कण धरून ठेवणारा सच्छिद्र गॅमा-अ‍ॅल्युमिनाचा थर उष्णतेनं मोडून अल्फा झाल्याची ती खूण. दुचाकीच्या धातूच्या पोळ्यात मात्र पत्र्यावर अल्फा-अ‍ॅल्युमिना आपोआपच वाढतो, तेव्हा वरचा थर खरवडून त्याचीच पूड तपासा.

फॉस्फरस तोंडाशी भरपूर आणि शेवटाकडे नगण्य निघाला तर नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बदला.