ब्याडगीच्या मिरची बाजारात

हुबळीहून बेंगळुरूकडे जाताना आज मोटेबेन्नूरजवळ हायवे सोडला आणि ब्याडगी गाठलं. हावेरी जिल्ह्यातलं हे छोटंसं गाव. आपल्या घरच्या मसाल्याला रंग देणारी बेडगी मिरची ती इथलीच. २०११ मध्ये तिला जीआय, म्हणजेच भौगोलिक मानांकन मिळालं.

सध्या हंगाम चालू आहे. बाजार समितीत पाऊल टाकलं आणि आधी ठसका लागला, मग नजर ठरेना! जिकडे बघावं तिकडे गर्द लाल ढीग. 'डब्बी' जातीची मिरची आखूड, फुगीर, सुरकुतलेली. 'कड्डी' लांब आणि बारीक. एका अडत्याने डब्बी मोडून तळहातावर चोळायला दिली. लालभडक रंग बोटांना चिकटला. तिखटपणा मात्र बेताचाच. गुंटूरची मिरची तिखटासाठी, ही रंगासाठी. म्हणूनच तिचा अर्क काढून तो खाद्यपदार्थांत आणि लिपस्टिकमध्येही वापरतात.

सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते देठ खुडणाऱ्या बायकांपाशी. पदर नाकातोंडाला गुंडाळलेला, हात मशीनसारखे चालू. त्या उग्र धुळीत दिवसभर बसणं सोपं नाही. मिरचीच्या भावाबद्दल सगळे बोलतात, यांच्या मजुरीबद्दल कुणीतरी बोलायला हवं, असं मनापासून वाटलं.

आईच्या वर्षाच्या मसाल्यासाठी डब्बी घेतली आहे. कुणाला घ्यायची असेल तर सुरकुत्या बघा, देठासकट घ्या आणि घरी आणल्यावर कडक ऊन दाखवूनच डब्यात भरा.